काळा लाव्हा, पांढरा डोंगर



मागच्या शनिवारी चित्रकलेच्या तासाला मी फळ्यावर एकच शब्द लिहिला – ‘ज्वालामुखी’. पुढे काही सांगायची गरजच पडली नाही. चौथीच्या वर्गात रंगखडूंच्या पेट्या पटापट उघडल्या. भाताच्या मुदीसारखा डोंगर, टोकाला भगदाड आणि त्यातून ओघळणारा लालभडक लाव्हा! पंधरा मिनिटांत वर्गातले सगळे लाल खडू झिजून बोटाच्या पेराएवढे झाले.

मागच्या बाकावरून मात्र खसखस पिकली. “बाई, हिचा लाव्हा बघा! नुसतं डांबर सांडलंय!” जाऊन पाहते तर एका मुलीने डोंगरावरून काळाकुट्ट लाव्हा सोडला होता. ती अगदी रडवेली झाली होती. हळूच म्हणाली, “बाई, माझा लाल खडू संपलाय. कुणी देईना.”

मी तिचे चित्र उचलले आणि साऱ्या वर्गाला दाखवले. म्हटले, “हसू नका. जगात एक डोंगर असा आहे, ज्याचा लाव्हा दिवसा अगदी असाच काळा दिसतो.”

“आणि बाई, रात्री?”

“रात्री थोडासा तांबूस. आणि चार दिवसांनी पांढरा!”

वर्ग एकदम चिडीचूप. मग काय, चित्रकलेचा तास बाजूला राहिला आणि त्या डोंगराची गोष्ट सुरू झाली. तीच आज तुम्हाला सांगते.

देवाचा डोंगर

आफ्रिका खंडाच्या पूर्वेला टांझानिया नावाचा देश आहे. नकाशा काढा आणि विषुववृत्ताच्या थोडे खाली बोट ठेवा. टांझानियाच्या उत्तर टोकाला, केनियाच्या सीमेजवळ, नेट्रॉन नावाचे एक लांबट सरोवर सापडेल. त्याच्या दक्षिणेला हा डोंगर एकटाच उभा आहे. त्याचे नाव ओल दोइन्यो लेंगाई. नाव लांबलचक आहे, म्हणून आपण त्याला नुसते लेंगाई म्हणू.

या भागात मसाई लोक राहतात. गाई, शेळ्या, मेंढ्या हेच त्यांचे धन. त्यांच्या भाषेत ‘ओल दोइन्यो लेंगाई’ म्हणजे देवाचा डोंगर. त्यांच्या देवाचे नाव एन्गाई. पाऊस पडावा, मूलबाळ व्हावे म्हणून मसाई लोक या डोंगराकडे तोंड करून प्रार्थना करतात. एन्गाईची दोन रूपे ते मानतात. काळा एन्गाई दयाळू. पावसाच्या ढगासारखा काळा, गवत उगवणारा. आणि लाल एन्गाई रागीट. ही दोन रूपे जरा ध्यानात ठेवा हं, पुढे आपल्याला लागणार आहेत.

लेंगाईची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २,९६० मीटर आहे. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर, यावरून अंदाज करा. शिवाय लेंगाई सपाट माळावरून एकदम दोन हजार मीटर वर उठतो. त्याच्या बाजू इतक्या उभ्या आहेत की चढणारे लोक मध्यरात्री निघतात, म्हणजे उन्हाच्या आधी माथा गाठता येतो.

लांबून पाहिले तर माथा पांढराशुभ्र दिसतो. नव्या माणसाला वाटते, बर्फ आहे. पण विषुववृत्ताजवळ एवढ्या उंचीवर बर्फ टिकत नाही. तो पांढरा रंग कशाचा, ते कोडे आपण सोडवूच. पण त्याआधी हा डोंगर तिथे उगवला कसा ते पाहू.

जमीन ताणली जाते तेव्हा

आई पोळ्या करायला बसली की कणकेचा एक छोटा गोळा मागून घ्या. दोन्ही हातांनी दोन्हीकडे हळूहळू ओढा. काय होते? मधला भाग पातळ होतो, खोलगट होतो आणि शेवटी त्याला भेगा पडतात.

पूर्व आफ्रिकेत जमिनीचे नेमके हेच चालले आहे. तिथला जमिनीचा कठीण थर दोन बाजूंना ओढला जातो आहे. वेग किती? वर्षाला फक्त काही मिलिमीटर. आपली नखे त्याहून कितीतरी भरभर वाढतात! पण ही ओढाओढ लाखो वर्षे चालू आहे. त्यामुळे मधली जमीन खचून एक लांबच लांब दरी तयार झाली. भूगोलाच्या पुस्तकात अशा दरीला खचदरी म्हणतात. आपली नर्मदा नदीही खचदरीतूनच वाहते, हे मोठ्या वर्गातल्या मुलांना आठवत असेल. जॉन वॉल्टर ग्रेगरी नावाचे भूशास्त्रज्ञ १८९३ मध्ये पूर्व आफ्रिकेची ही दरी पायी फिरून आले आणि ती जमीन खचून झाली आहे हे त्यांनी मांडले.

जमिनीचा थर पातळ झाला की खालचा तापलेला खडक वितळू लागतो. त्या वितळलेल्या खडकाला शिलारस म्हणतात. तो भेगांमधून वर चढतो आणि जमिनीबाहेर पडला की त्यालाच आपण लाव्हा म्हणतो. या खचदरीच्या काठाने आणि तळाशी ज्वालामुखींची रांगच उभी आहे. त्यांतले बहुतेक विझलेले आहेत. लेंगाईच्या आसपासच्या डोंगरांत आज जागा आहे तो लेंगाई एकटाच.

आपला सह्याद्रीही लाव्हाचाच, पण त्याची तऱ्हा निराळी. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबलचक भेगांमधून पातळ लाव्हा पसरत गेला, थरावर थर बसले. म्हणून आपले डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे आणि सपाट माथ्याचे दिसतात. लेंगाई मात्र एकाच तोंडातून ओकत आला आहे. कधी लाव्हा, तर कधी राख. राखेचा थर, लाव्हाचा थर, पुन्हा राखेचा थर, असा तो उंच होत गेला. अशा डोंगराला स्तरित ज्वालामुखी म्हणतात. सह्याद्रीचे वय कोटींत मोजायचे, तर लेंगाईचे लाखांत. डोंगरांच्या जगात तो अजून बालवाडीतच आहे म्हणा ना!

धुण्याच्या सोड्याचा लाव्हा

आता काळ्या रंगाचे कोडे.

जगातल्या जवळजवळ सगळ्या ज्वालामुखींच्या लाव्हात एक पदार्थ भरपूर असतो. त्याचे नाव सिलिका. नदीच्या वाळूत चकाकणारे कण असतात ना, ते सिलिकाचे. सिलिका लाव्हाला चिकट बनवते. गुऱ्हाळात कढईतली काकवी पाहिली असेल तर कल्पना येईल. असा लाव्हा वितळलेला राहायला प्रचंड उष्णता लागते. सह्याद्रीचा काळा खडक ज्या जातीचा, त्या बेसॉल्टचा लाव्हा सुमारे १,१०० ते १,२०० अंश सेल्सिअस इतका तापलेला असतो. म्हणून तर तो लाल-पिवळा धगधगतो.

लेंगाईच्या माथ्यावरून वाहणाऱ्या लाव्हात सिलिका जवळजवळ नसतेच. मग असते काय? सोडियम कार्बोनेट आणि कॅल्शियम कार्बोनेट. ही नावे अवघड वाटली तर सोपे करून सांगते. सोडियम कार्बोनेट म्हणजे कपडे धुवायचा सोडा. आणि कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे ज्याची भट्टी लावून चुना करतात, त्या चुनखडीतला पदार्थ. म्हणजे एकीकडे जगातले सगळे ज्वालामुखी वाळूचा रस ओकतात आणि हा एकटा पठ्ठ्या सोड्याचा आणि चुनखडीचा रस ओकतो! असा लाव्हा बाहेर टाकणारा जिवंत ज्वालामुखी आज साऱ्या पृथ्वीवर हा एकच आहे.

हा लाव्हा वितळलेला राहायला ५०० ते ६०० अंश उष्णता पुरते. नेहमीच्या लाव्हाच्या निम्मीच. तुम्ही लोहाराच्या भट्टीजवळ कधी उभे राहिला आहात का? कमी तापलेले लोखंड अंधारात मंद लालसर दिसते, पण तेच उन्हात आणले तर काळेच वाटते. या लाव्हाचेही तसेच. त्याचा उजेड इतका मंद असतो की दिवसा तो दिसतच नाही. म्हणून लाव्हा काळा किंवा गडद तपकिरी दिसतो. रात्री मात्र त्याला तांबूस झाक येते. आणि तो इतका पातळ असतो, की काकवीसारखा ओघळत नाही, गोडेतेलासारखा पळतो.

आता पांढऱ्या रंगाचे काय? पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या मिठाला पाणी सुटते, कारण ते हवेतला ओलावा ओढून घेते. थंड झालेला हा काळा लाव्हाही हवेतला ओलावा, पावसाचे पाणी ओढून घेतो. त्याच्यातले पदार्थ बदलतात. काही तासांत तो करडा पडू लागतो आणि काही दिवसांत पांढरा होतो. लांबून दिसणारे ते ‘बर्फ’ म्हणजे भिजलेला सोडा! जोराचा पाऊस झाला की त्यातला बराचसा विरघळून वाहूनही जातो.

डोंगराच्या मुखात या लाव्हाचे छोटे-छोटे सुळके तयार होतात, अगदी रानातल्या वारुळांसारखे. वारुळाच्या तोंडातून मुंग्या याव्यात तसा त्यांच्या तोंडातून काळा लाव्हा उडत असतो. काही सुळके तर दोन-तीन मजली घराएवढे उंच झाले होते.

गुरुजींच्या नावाचे खनिज

असा काही लाव्हा असू शकतो, यावर पूर्वी शास्त्रज्ञांचाच विश्वास नव्हता. सोड्या-चुनखडीचे असे जुने खडक जगात बऱ्याच ठिकाणी सापडत. पण ते कधीकाळी वितळलेल्या रूपात होते की नव्हते, यावर मोठा वाद चाले. १९६० मध्ये बॅरी डॉसन नावाचे ब्रिटिश भूशास्त्रज्ञ लेंगाईच्या मुखात उतरले आणि ताज्या लाव्हाचे नमुने घेऊन आले. तपासणी झाली आणि १९६२ मध्ये त्यांनी जाहीर केले, की हा सोड्याचा लाव्हा आहे. जी गोष्ट होऊ शकते का म्हणून वाद चालला होता, ती डोळ्यांदेखत वाहत होती!

या लाव्हात दोन मुख्य खनिजे सापडली. एकाचे नाव ठेवले ग्रेगोराईट. खचदरी पायी फिरलेले ते ग्रेगरीसाहेब आठवले ना? दुसऱ्याचे नाव नायरेराईट. हे नाव टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांच्यावरून ठेवले. न्येरेरे राजकारणात येण्यापूर्वी शाळेत शिकवत असत. राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही लोक त्यांना ‘म्वालिमू’ म्हणूनच हाक मारत. स्वाहिली भाषेत म्वालिमू म्हणजे गुरुजी. हे सांगितले तेव्हा वर्गातला एक मुलगा म्हणाला, “बाई, मग तुमच्या नावाचा पण दगड असेल का?” मी म्हटले, “आधी गृहपाठाच्या वह्या आणा, मग दगडाचं बघू.”

“मग तो डोंगर भला झाला ना?”

हा प्रश्न त्याच काळ्या चित्रवाल्या मुलीने विचारला. “बाई, त्याचा लाव्हा थंड आहे. म्हणजे तो कुणाला काही करत नाही ना?”

प्रश्न मोलाचा होता. कारण असे मोठ्या माणसांनाही वाटत आले आहे.

पहिली गोष्ट, ‘थंड’ हा शब्द जपून वापरायचा. पाणी १०० अंशांना उकळते. भजी तळायचे तेल १८०-२०० अंशांचे असते आणि त्याचा एक थेंब हातावर उडाला तर आपण केवढ्याने ओरडतो! हा लाव्हा त्याच्या अडीच-तीन पट तापलेला असतो. २००७ च्या ऑगस्टमध्ये वाटसरूंचे सामान वाहून नेणारा एक मसाई माणूस डोंगराच्या माथ्यावर अशा वाहत्या लाव्हात पडला. जीव वाचला, पण दोन्ही पाय आणि एक हात फार वाईट भाजला. तेव्हा थंड म्हणजे दुसऱ्या लाव्हाच्या मानाने थंड, इतकेच.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. लेंगाई नेहमीच असा शांतपणे वाहत नाही. मधूनच तो स्फोट करून उठतो. १९१७ मध्ये तो असा उठला. १९४०-४१ मध्ये उठला. १९६६-६७ मध्ये पुन्हा उठला. प्रत्येक वेळी काळ्या पातळ लाव्हाऐवजी आकाशात राखेचे ढग गेले. १९६७ नंतर तो काही वर्षे गप्प राहिला आणि १९८३ पासून परत आपला काळा लाव्हा हळूहळू ओतू लागला. मुख भरत आले. १९९८ मध्ये ते काठोकाठ भरले आणि लाव्हा काठावरून बाहेर सांडू लागला. त्या काळात प्रवासी मुखाच्या आत तंबू ठोकून रात्र काढत. इतका तो लोकांना सवयीचा झाला होता.

मग २००७ साल उजाडले. जुलै महिन्यात त्या भागात जमीन थरथरू लागली. एकामागून एक धक्के बसत होते. १७ जुलैचा धक्का सर्वांत मोठा, ५.९ तीव्रतेचा. दूर केनियाची राजधानी नैरोबी, तिथेही उंच इमारतींमधून लोक धावत रस्त्यावर आले. सगळ्यांच्या नजरा लेंगाईकडे. पण उपग्रहांनी जमिनीची मोजणी केली तेव्हा वेगळेच दिसले. शिलारस शेजारच्या गेलाई नावाच्या जुन्या डोंगराखाली घुसला होता. जमिनीच्या पोटात कित्येक किलोमीटर लांबीची उभी भेग पाडून तो तिच्यात भरला, पण वर आलाच नाही, आतच थिजला. खचदरी अशीच थोडी-थोडी रुंदावते. कणकेचा गोळा ओढताना पडलेली ती भेग आठवा.

लोकांना वाटले, चला, सुटलो. आणि ४ सप्टेंबर २००७ रोजी लेंगाईच गरजला. राखेचा खांब आकाशात उंच चढला. हे स्फोट थांबत-थांबत साधारण एप्रिल २००८ पर्यंत चालू राहिले. जवळपासच्या वस्त्यांतली कितीतरी कुटुंबे घर सोडून दूर गेली. विचार करा, ज्यांचे सारे धन म्हणजे गुरे, त्यांच्या गवतावर राख, पाण्यावर राख. गाईला चारायचे काय आणि पाजायचे काय? आपल्याकडे दुष्काळात गुरे घेऊन छावणीला गेलेली माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे सांगायला नको.

स्फोट थांबले तेव्हा माथ्याचे रूपच पालटले होते. काठोकाठ भरलेल्या मुखाच्या जागी शंभर मीटरपेक्षा खोल खड्डा पडला होता. ज्या जमिनीवर लोक तंबू ठोकत, ती जमीनच उरली नव्हती.

पोटात काय मिसळते?

मग हा एकच डोंगर कधी शांत, कधी रागीट, असे का?

वरून पाहणाऱ्याला वाटते की अख्खा डोंगर सोड्याचाच आहे. तसे नाही. सोड्याचा लाव्हा हा वरचा मुलामा आहे. डोंगराचा फार मोठा भाग सिलिका असलेल्या नेहमीच्या जातीच्या खडकाचा आणि राखेचा बनलेला आहे. म्हणजे त्याच्या पोटात दोन्ही प्रकारचे शिलारस आहेत. बरीच वर्षे सोड्याचा रस वर राहतो आणि शांतपणे वाहतो. पण खोलातून सिलिकावाल्या गरम शिलारसाचा नवा लोंढा वर आला आणि तो सोड्याच्या रसात मिसळला, की गडबड होते.

खायच्या सोड्यावर लिंबू पिळले की काय होते? फस्सकन फेस येतो. सोड्यातला कार्बन डायऑक्साइड वायू सुटून बाहेर पडतो. डोंगराच्या पोटात लिंबू नसते, पण लिंबाचे काम तो सिलिकावाला शिलारस करतो. सोड्यातला वायू एकदम सुटतो. तो कोंडलेला असतो, फुगतो, आणि वरचे सगळे फोडून राखेसह बाहेर उसळतो. २००७ च्या राखेत शास्त्रज्ञांना दोन्ही रसांच्या खुणा मिसळलेल्या सापडल्या. डॉसन यांनी १९६६ च्या राखेतही असेच मिश्रण पाहिले होते.

मी वर्गाला एवढे सांगून थांबले. तेवढ्यात मघाशी ‘डांबर’ म्हणून हसणारा मुलगा म्हणाला, “बाई, म्हणजे काळा एन्गाई आणि लाल एन्गाई!” मला फार बरे वाटले. मसाई लोकांनी सोडा आणि सिलिका तपासली नव्हती. पण त्या डोंगराच्या सावलीत पिढ्यान्‌पिढ्या गुरे राखताना त्यांना इतके नक्की कळले होते, की दयाळू आणि रागीट अशी दोन रूपे एकाच ठिकाणी नांदतात. वीस-पंचवीस वर्षे शांत दिसला म्हणून तो कायमचा शांत झाला असे समजायचे नाही.

म्हणून आता लेंगाईवर पाळत आहे. जमीन फुगते की खचते, हे मोजणारी जीपीएस यंत्रे त्याच्या आसपास बसवली आहेत आणि उपग्रहही वरून मोजमाप घेतात. २०१३ ते २०२३ या दहा वर्षांच्या मोजणीत त्याच्या माथ्याजवळची जमीन वर्षाला साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास खाली जाताना आढळली. डॉक्टर नाडी पाहतात ना, तसेच हे.

राख घेते, राख देतेही

आता काळ्या एन्गाईचे देणेही ऐका. लेंगाईची आणि त्याच्या आधीच्या शेजारी ज्वालामुखींची राख वाऱ्याने पश्चिमेला जाऊन सेरेंगेटीच्या माळांवर पडत आली. त्या मातीत कॅल्शियम, फॉस्फरस भरपूर. तिथले बुटके गवत म्हणजे जनावरांचे टॉनिकच. विल्डबीस्ट नावाची, थोडी गाईसारखी दिसणारी लाखो जनावरे पाऊस पडला की याच माळावर येतात आणि इथेच त्यांची वासरे जन्मतात. वासरांच्या हाडांना बळ देणारी ती माती ज्वालामुखीची देणगी आहे.

पायथ्याचे नेट्रॉन सरोवरही सोड्याचे आहे. त्याचे पाणी इतके खारे आणि झोंबरे की बहुतेक प्राणी त्याच्या वाटेला जात नाहीत. पण रोहित पक्ष्यांना, म्हणजे फ्लेमिंगोंना, तेच हवे असते. त्यांचा शत्रू तिथे पोहोचत नाही. पूर्व आफ्रिकेतले लाखो छोटे रोहित पक्षी पिल्ले वाढवायला याच सरोवरावर येतात. ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यात गुलाबी थवे येतात, तेही याच जातीचे. फक्त ते आफ्रिकेतून येत नाहीत. भारतातल्या छोट्या रोहितांची पाळणाघरे कच्छच्या रणात आहेत.

आणि सर्वांत सुंदर देणगी म्हणजे पावलांचे ठसे. सरोवराच्या दक्षिण काठावर एन्गारे सेरो नावाची जागा आहे. तिथे लेंगाईची राख पाण्याबरोबर वाहत येऊन तिचा चिखल झाला होता. त्या चिखलातून माणसे अनवाणी चालत गेली. चिखल वाळला, दगडासारखा घट्ट झाला आणि ठसे तसेच राहिले. चारशेहून जास्त ठसे! संशोधकांच्या मते ते सुमारे पावणेसहा हजार ते एकोणीस हजार वर्षांच्या दरम्यानचे आहेत. त्यांतल्या सतरा जणांचा एक घोळका एकाच दिशेने चालत गेलेला दिसतो, आणि त्यात बहुतेक बायका होत्या. रानातून काही वेचून आणायला त्या मिळून निघाल्या असाव्यात, असा तर्क आहे. तेव्हाही हा डोंगर तिथे होता, तेव्हाही लोक त्याच्या पायथ्याशी राहत होते.

आपल्या जवळचे दोन पाहुणे

“बाई, आपल्याकडे असा डोंगर नाही का?” आहे ना! जिवंत नाही, पण विझलेला आहे. गुजरातमध्ये छोटा उदेपूर जिल्ह्यात, नर्मदेपासून जवळच, ‘आंबा डोंगर’ नावाची जागा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आपल्या दख्खनच्या लाव्हाच्या काळातच, तिथे लेंगाईच्या कुळातला शिलारस वर आला. फरक एवढाच की त्यात सोड्यापेक्षा चुनखडीचा पदार्थ जास्त होता. म्हणून तो विरघळून गेला नाही, आजही दगड होऊन उभा आहे.

आणि बुलढाणा जिल्ह्यातले लोणार? त्याचे पाणीही खारे आणि सोड्याचे. पण फसू नका! लोणारचा खड्डा ज्वालामुखीचा नाही, आकाशातून उल्का आदळून झालेला आहे. गोल खड्डा दिसला की लगेच ‘ज्वालामुखी’ म्हणायचे नाही, जसे काळा लाव्हा दिसला की लगेच ‘चुकलं’ म्हणायचे नाही.

तास संपल्यावर ते काळे चित्र मी वर्गाच्या भिंतीवर लावले. खाली लिहिले – ओल दोइन्यो लेंगाई, दिवसा. दुसऱ्या दिवशी पाहते तर शेजारी आणखी एक चित्र. डोंगर तोच, पण आकाश काळे आणि लाव्हाला तांबूस काठ. खाली अक्षरे – ‘ओल दोइन्यो लेंगाई, रात्री’. लाल खडू कुणी दिला, हे मी विचारले नाही. पण हसणाऱ्यांपैकी एकाच्या पेटीत तो नव्हता, एवढे मात्र मी पाहिले.

करून पाहा

१. एक ताट पुस्तकावर टेकवून तिरके ठेवा. वरच्या काठाजवळ एक-एक चमचा पाणी, गोडेतेल आणि मध किंवा काकवी एकाच वेळी सोडा. कोण आधी खाली पोहोचते? कोणाचा लाव्हा लेंगाईसारखा आणि कोणाचा चिकट? वहीत लिहा.

२. काचेच्या पेल्यात दोन चमचे खायचा सोडा घ्या. पेला ताटात ठेवा आणि सोड्यावर अर्धे लिंबू पिळा. पेल्याला झाकण मात्र लावू नका! कोंडलेला वायू काय करतो, ते लेंगाईने दाखवलेच आहे.

स्वयंपाकघरातल्या वस्तू घरातल्या मोठ्यांना विचारूनच घ्या. धुण्याचा सोडा अजिबात वापरू नका, त्याने हाताची आग होते.

डोक्याला खाऊ

१. लेंगाईचा लाव्हा दिवसा काळा का दिसतो?
२. ‘गुरुजींच्या’ नावाचे खनिज कोणते?
३. लोणार आणि लेंगाई, दोन्हीकडे सोडा आहे. मग मोठा फरक कोणता?

उत्तरे आजच्या लेखातच दडली आहेत. शोधा आणि आपल्या वर्गातल्या मित्राला समजावून सांगा. समजावून सांगता आले म्हणजेच समजले, बरं का!

– तुमच्या बाई